चारशेचा सूर

नाट्याच्या बर्फ-कारखान्यात मी हिशेब ठेवते,
लाद्या किती, ट्रॉलर कोणाचा, उधारी कुठवर.
सहाला सुटते. साडेसहाला याकूब होडेकरांच्या पडवीत
कानाला हेडफोन, हातात पेन्सिल.
परीक्षेला मिनिटाला आठ शब्द लागतात.
माझे पाचावर अडलेत.

बत्तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते चाचा.
आता माडापासून रायवळ आंब्यापर्यंत एक तांब्याची तार,
तिच्यावर दिवसा खंड्या बसतो
आणि रात्री अर्धा हिंदी महासागर.

पहिल्याच दिवशी म्हणाले, मोर्सला आवाज नसतो.
तो असतो किंवा नसतो,
दीपगृहाच्या उजेडासारखा.
सूर आपण द्यायचा,
आपल्या घरची एक लहर त्याच्याशेजारी उभी करून.
दोघांत जेवढं अंतर, तेवढंच कानाला कळतं.
"फिरव."
फिरवलं. शिट्टी उतरत गेली,
बारीक, मग घोगरी, मग जात्याची घरघर,
मग काहीच नाही.
मी म्हटलं, गेला.
"गेला कुठं? आता तर तू नेमकी त्याच्यावर बसलीयस.
म्हणून ऐकू येत नाही."
केसभर पुढे सरकवलं,
तर पलीकडून तोच माणूस घरघरत, घोगरा, बारीक
वर चढत आला.

तो जुना, घरी बांधलेला सेट. त्याला दोन्ही काठ ऐकू येतात.
खाडीत होडी एकच,
इकडून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला जाते
आणि तिकडून बघणाऱ्याच्या डाव्या.
ऐकायचं तर एका काठावर उभं राहायचं, थोडं लांब.
लोक सातशे सायकल लांब राहतात.
चाचा चारशे.
बारीक सूर त्यांच्या कानातून केव्हाच गळले,
कुकर, टिटवी, सुनेची हाक.

नव्या सेटला एकच काठ दिसतो, दुसरा गाळणीत अडतो.
आणि कडेला एक खटका आहे,
वर खिळ्यानं कोरलंय: उलट.
तो कशाला, ते जानेवारीतल्या एका मंगळवारी कळलं.

गॉलचा नंदसेन रोज सातला येतो, सात शून्य एकवीसवर.
त्या दिवशी त्याच्या अंगाला लागूनच
कुणीतरी धडाधडा ठोकायला लागला,
त्याच्याहून बारीक, त्याच्याहून जोरात.
नंदसेनच्या मुलीला नोकरी लागली
की नोकरी सुटली, काही लागेना.
मी बटण फिरवायला गेले, तर हातावर चापटी.
"पोरी, त्याला कशाला हलवतेस? आपण काठ बदलू."
खट्.
तो धटिंगण एकदम तळाला गेला,
विहिरीतल्या बेडकासारखा डुर्र डुर्र करत गाळणीखाली बुडाला.
नंदसेन तिथेच. तोच सूर. चारशे.
नोकरी लागली होती.

"आणि हे लक्षात ठेव," चाचा म्हणाले,
"खटका मारून ज्याचा सूर बदलतो
त्याच्यावर तू नीट लागलेली नाहीस.
इकडून तिकडून सारखाच आला, तर लागलीस."
मी वहीत लिहून घेतलं,
खाली कंसात: फक्त रेडिओपुरतं?

मार्चपासून त्यांना चारशेही ऐकू येईना.
साडेतीनशे केला, तीनशे केला.
मग एक दिवस हेडफोन काढून त्यांनी
स्पीकरची जाळी उचकटली
आणि कागदी पडद्यावर तर्जनी टेकवली,
नाडी बघतात तशी.

आता मी कानानं घेते, ते बोटानं.
काल माझं एक अक्षर चुकलं, त्यांचं नाही.
सात वाजले की आधी खटका मारून बघते,
इकडे, तिकडे, पुन्हा इकडे.
त्यांचं बोट हलत नाही.
मान हलते: आहे.